आईच्या हाताचा नकाशा

या वेळी आपल्या नजरेतून काही म्हणजे काही सुटणार नाही, असं फूटपट्टीने ठरवलं होतं; आणि तिने एकदा ठरवलं की ते ठरलं! आई उद्या सकाळी सातच्या बसने मावशीकडे निघणार होती, तीन आठवड्यांसाठी. पाच तासांचा रस्ता. फूटपट्टीने बसच्या कचेरीत फोन करून चालकाचं वय विचारून घेतलं होतं. त्याला चष्मा आहे का, असल्यास नंबर शेवटचा कधी तपासला, हेही विचारलं होतं. पलीकडचा माणूस "बाई, तुम्हाला तिकीट हवंय की जावई?" असं म्हणाला, तेव्हा कुठे तिने फोन ठेवला.

फूटपट्टी हे तिचं ऑफिसातलं नाव. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात, नकाशांच्या खोलीत, ती सोळा वर्षं पाइपांचे नकाशे काढत होती. रस्त्याखालून जाणारा प्रत्येक पाइप, प्रत्येक फाटा, प्रत्येक व्हॉल्व्ह तिच्या पारदर्शक कागदावर निळ्या रेघेने नांदत होता. सरळ चालणं, सरळ बोलणं, आणि कुणी नकाशावर चहाचा कप ठेवला तर सरळ भांडणं, म्हणून फूटपट्टी. घरी आई तिला नुसतं 'अगं' म्हणायची.

सात महिन्यांपूर्वी बाबा गेले. पाय सुजला होता, डावा. "काल फार चाललो गं," ते म्हणाले, आणि तिने ते खरं मानलं. तिसऱ्या दिवशी ते गेले. पायातल्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती, ती फुप्फुसात गेली, असं मागाहून कळलं. शहरातल्या चारशे किलोमीटर पाइपांतली गळती कागदावरून ओळखणारी ती, आणि तिच्याच घरात... असो.

तेव्हापासून तिने आईवर पहारा बसवला. आई शिंकली की ती पंखा बंद करायची. दिवसभर शिंकली नाही, तर संध्याकाळी "आज शिंकली कशी नाहीस?" म्हणून चौकशी व्हायची. आई म्हणायची, "एक वही घाल. शिंका आल्या इतक्या, गेल्या इतक्या."

आणि पंधरा दिवसांपूर्वी ती गोष्ट दिसली. आई खिडकीपाशी बसून भाजी निवडत होती. ऊन हातावर पडलं होतं, आणि त्या हाताच्या पाठीवर, कातडीखालून, निळ्या शिरा वर आलेल्या होत्या. मनगटावरून एक जाडजूड निघाली होती, तिला पुढे तीन फाटे. फूटपट्टी आणखी जवळ वाकली.

खात्यातला पहिला धडा असा की पाइप जमिनीखाली मीटरभर खोल असतो. तो दिसता कामा नये. वरून पाइप दिसायला लागला, तर एक तर तो फुगलाय, नाही तर वरची माती वाहून गेलीय. दोन्हींत पुढची पायरी एकच. फुटणं!

"आई, ह्या शिरा तुला कधीपासून दिसतात?"

"जन्मापासून असतील. मला हात बघत बसायला वेळ कधी होता?"

"मग आज एवढ्या का दिसतायत?"

"आज तू बघतेयस म्हणून!"

"आपण डॉक्टरीणबाईंना दाखवून येऊ."

"धड असलेला हात डॉक्टरला दाखवायचा? त्यापेक्षा तू तुझं तोंड दाखव. गालफडं बघ कशी बसलीत ती!" आणि आईने भाजीचं ताट उचलून विषय संपवला.

विषय आईने संपवला, फूटपट्टीने नाही. ऑफिसात संशय आला की दोन पाहण्या करतात. आठवड्याच्या अंतराने तोच भाग दोनदा उतरवायचा, कागदावर कागद ठेवायचा, आणि बदल झाला असेल तिथे खणायचं. गेल्या गुरुवारी, पहाटेच्या गारव्यात, आई गाढ झोपेत असताना तिने आईच्या हातावर पारदर्शक कागद धरून पहिली पाहणी उरकली. खाली तारीख टाकून लिहिलं, पत्रक क्रमांक एक.

आज दुसरी. हातात एकच दिवस उरला होता. शिरा वाढल्या असतील, तर तिकीट रद्द. वाढल्या नसतील, तर आईने खुशाल जावं. इतकं साधं!

दुपारच्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा आई जेवून आडवी झाली होती. सकाळपासून आईने गरम पाण्यात स्वेटर धुतले होते, इस्त्रीचे चार ढीग उपसले होते, दोन बॅगा भरून, उपसून, परत भरल्या होत्या. गाल तापून लाल. उजवा हात पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होता. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, आईला न्यायला कालच आली होती. ती बाहेरच्या खोलीत घोरत होती.

फूटपट्टीने कागद काढला. पंखा कागद उडवू लागला. पंखा बंद केला असता तर आई उठली असती. मग तिने ठरवलं, आधी हातावरच बारीक रेघ काढू, म्हणजे कागद उडाला तरी तो परत रेघेवर जुळवून उतरवता येईल. पेन्सिलीचं टोक ऐन वेळी मोडलं. पिशवी चाचपली, तर तळाशी एक बोटभर तुकडा सापडला. पाइपलाइनवर काम करणाऱ्या मिस्त्रींनी तिच्याकडे कधीतरी विसरलेला. रेघ फिकट राखाडी, नजर लावून बघितलं तरच दिसेल अशी. छान! नाही तरी धुतल्यावर जाईलच.

या तुकड्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी, कारण फूटपट्टीला ती त्या वेळी आठवली नाही. मिस्त्री ही पेन्सिल ओल्या पाइपांवर खुणा करायला वापरत. कोरड्यावर ती राखाडी उमटते. पाणी लागलं की गडद जांभळी-निळी होते, आणि मग धुवायला जावं तर आणखी पसरते.

कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत तिने एकेक शीर हलक्या हाताने गिरवली. आईचा हात गरम होता. एकदा तो जरासा हलला, तेव्हा तिने श्वास धरला; पण आईचे डोळे मिटलेलेच राहिले. रेघा झाल्या, आणि सोळा वर्षांची सवय आडवी आली. उत्तरेचा बाण काढल्याशिवाय तिच्या टेबलावरून आजवर एकही नकाशा गेला नव्हता. खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बघून तिने मनगटावर एक इवलासा बाण काढला, त्याच्या डोक्यावर 'उ' लिहिलं, आणि शेजारी 'पत्रक २'. मग सगळं कागदावर उतरवून ती पाय न वाजवता ऑफिसला परतली.

तिथे खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर तिने पत्रक एकवर पत्रक दोन ठेवलं.

मुख्य शीर दीडपट जाड झाली होती. आणि मागच्या आठवड्यात नसलेले तीन नवे फाटे!

तेवढ्यात साहेब मागून डोकावले.

"कुठला वॉर्ड हा?"

"आ... आमच्या घराकडचा, सर."

"काय वेडीवाकडी लाइन टाकलीय! कंत्राटदार कोण होता?" साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आठवड्यात एवढा फुगवटा? आजची रात्र काढली तरी पुष्कळ! पुरवठा तोडा आणि ताबडतोब खणा!"

फूटपट्टीने दोन्ही पत्रकं उचलून छातीशी धरली. आणि टेबलावरचा फोन वाजला.

"अगं, आहेस तशी ये!" मावशीचा आवाज सातव्या मजल्यावर गेला होता. "ताईचा हात! निळा पडलाय! सगळ्या शिरा वर आल्यात गं, दोरखंडासारख्या!"

"फुटल्या का?" फूटपट्टीने विचारलं.

"काय?"

"फुटल्या का म्हणते मी!"

"अजून नाही!" मावशी म्हणाली, आणि 'अजून' या शब्दावर तिला हुंदका आला.

ऑफिस ते घर हे सव्वा किलोमीटरचं अंतर फूटपट्टी आयुष्यात पहिल्यांदा वाकडीतिकडी धावली. धावताना तिच्या मनात एकच गोष्ट चालू होती. पाहणी अचूक होती. आणि पाहणी अचूक निघाल्याचं इतकं वाईट तिला कधीच वाटलं नव्हतं.

घरात दृश्य असं होतं. आई खुर्चीत, हात टेबलावर, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आणि तिला सांभाळायला दिलेला. शेजारी मावशी. आणि समोर वाकून उभे कंपाउंडरकाका. शेजारच्या दाराआड राहणारे हे काका दवाखान्यात एकतीस वर्षं औषधं मिसळून निवृत्त झाले होते, आणि त्या दिवसापासून एखाद्या रोग्याची चातकासारखी वाट बघत होते.

"झोपून उठले," आई सांगत होती, "भांडी घासायला घेतली, आणि बघता बघता हात असा झाला! पाणी लागलं न लागलं तोच!"

"पाण्याने भडकतं म्हणजे आतला दाह आहे, वहिनी," काका म्हणाले. "गार पाण्याच्या घड्या ठेवा."

"अहो काका, पाण्यानेच झालं म्हणते ना आई?" फूटपट्टी म्हणाली.

"ते कोमट होतं. हे गार!"

घडी ठेवली. उचलली. शिरा दुप्पट जाड झाल्या होत्या आणि त्यांच्या कडेने निळसर धुकं पसरलं होतं.

"पसरतंय!" काका आनंदाने ओरडले, आणि मग चेहरा सावरून म्हणाले, "म्हणजे, वाईट आहे."

"दुखतंय का आई?"

"नाही."

"मुंग्या येतायत?"

"नाही."

"काहीच होत नाहीये?"

"काहीच नाही!"

"भावजींच्या वेळीही असंच," मावशी पुटपुटली. तिचा रोख बाबांकडे होता. मग मावशीने डोळे पुसायला हात वर केला, आणि किंचाळली. तिचा तळवा निळा झाला होता! ती मघापासून आईचा हात धरून बसली होती.

काका तीन पावलं मागे सरले. "संसर्गजन्य," ते दारातून म्हणाले.

दवाखाना चार चौक पलीकडे. गाडी मिळाली ती कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची. तो भला माणूस, नाही म्हणाला नाही. फक्त "मागे बसा, आणि पावाला हात लावू नका" एवढीच अट घातली. काका त्याच्या शेजारी पुढे बसले, संसर्गाच्या दृष्टीने. मागे पावाच्या ट्रेंच्या दोन भिंती, मधे आई, एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला फूटपट्टी. गाडी वळली की तिघींच्या मांडीवर पाव सरकत यायचे, आणि मावशी ते कोपराने परत ढकलायची.

"ऐक," आई म्हणाली. आवाज शांत होता, आणि म्हणूनच जास्त भीती वाटली. "विम्याचे कागद शिवणाच्या डब्याखाली आहेत. गॅसवाल्याला सांग, घंटा दोनदा वाजवू नकोस म्हणून. उगाच दचकायला होतं. आणि माझा मोतिया रंगाचा स्वेटर तुझ्या मावशीला दे."

"नको गं ताई, असं बोलू नकोस," मावशी रडत म्हणाली. "बाह्या लांब होतील मला."

"आखूड करून घे. आणि अगं, तू... तू रोज जेवत जा. चहात बुडवलेलं बिस्किट म्हणजे जेवण नव्हे. तुला वाटतं मला कळत नाही, पण मला डबा उघडल्यावर सगळं दिसतं."

फूटपट्टीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तिने आईचा हात दोन्ही हातांत घेतला. गाडीच्या मागच्या काचेतून ऊन आलं, आणि त्या उन्हात तिला आईच्या मनगटावर स्पष्ट दिसलं. बाण! त्याच्या डोक्यावर 'उ'!

तिचं काळीज एकदम हलकं झालं, आणि दुसऱ्याच क्षणी दगडासारखं बुडलं. आई मरत नव्हती. आता मरण्याची पाळी तिची होती.

"आई, एक सांगायचंय," ती म्हणाली.

"काही सांगू नकोस. मी तुला सगळं माफ केलंय," आई म्हणाली.

"सगळं?"

"बाबांचा पाय तू बघितला नाहीस, म्हणून स्वतःला खातेस ना? ठाऊक आहे मला. तो पाय मीही बघितला होता. मीच तेल लावून दिलं होतं."

आता या वाक्यानंतर पेन्सिलीचा विषय कसा काढायचा? फूटपट्टीला वाटलं, निदान तो बाण तरी पुसावा. तिने रुमालाचं टोक जिभेवर ओलं केलं, आणि आईचं लक्ष नाही असं बघून हळूच घासलं. बाण अंगठ्याएवढा झाला. रुमाल निळा झाला. तिची बोटं निळी झाली.

"हिलाही लागलं!" मावशीने टाहो फोडला.

पुढच्या सीटवरून काकांनी मधली काच सरकवून बंद केली.

दवाखान्यात सात माणसं बसली होती. काकांनी दारातूनच "मार्ग सोडा, निळा संसर्ग!" अशी घोषणा केली. सातांतली पाच उठून गेली. सहावा आजोबा होता, त्याला ऐकू येत नव्हतं. सातवी बाई म्हणाली, "माझा नंबर आधी आहे, निळं असो वा पिवळं!"

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. चष्म्याची दोरी गळ्यात, हातात अर्धवट खाल्लेलं सफरचंद. त्यांनी आईला टेबलावर बसवलं, हात दिव्याखाली घेतला, आणि तो कोपरापासून बोटांपर्यंत उलटसुलट करून बघितला. मावशीने भिंतीला धरलं.

"काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ह्या कशा शिरा आहेत म्हणालात?"

"दाहयुक्त. भडकलेल्या. हे टोक बघा, कसं बाणासारखं फुटलंय!"

"बघतेय. आणि ह्या टोकाच्या शेजारी 'पत्रक दोन' असं लिहिलंय. शिरांना लिहिता-वाचता येतं, हे मला आज नव्याने कळलं."

त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि कोपरापासून मनगटापर्यंत एकदा फिरवला. शीर हातावरून उठली आणि कापसावर आली.

खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पडलं ते टेबलाच्या कडेवर ठेवलेलं सफरचंद.

"मी काढल्या," फूटपट्टी म्हणाली. एवढ्या बारीक आवाजात ती आयुष्यात बोलली नव्हती. आणि मग सगळं एकदम बाहेर आलं. खिडकीतलं ऊन, पत्रक एक, पत्रक दोन, तीन नवे फाटे, मिस्त्रींचा तुकडा, साहेबांनी खणायला सांगितलेलं.

आई ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "म्हणजे मी मरत नाहीये?"

"नाही."

आई मावशीकडे वळली. "माझा स्वेटर परत दे."

"मी अजून घेतलाच कुठे आहे!"

"मनातून घेतला होतास. परत दे!"

काका तेवढ्यात "मी म्हणतच होतो, रंगाची छटा संशयास्पद आहे" असं काहीसं बोलत दारातून दिसेनासे झाले.

"पण डॉक्टर, रेघा मी काढल्या असल्या तरी शिरा खऱ्याच आहेत ना?" फूटपट्टी हट्टाने म्हणाली. "आठवड्यात त्या वाढल्या. मी मोजलंय. वाढल्या का?"

"पहिला नकाशा कधी काढला?"

"पहाटे. गारव्यात."

"आणि दुसरा भर दुपारी, इस्त्री करून, बॅगा उचलून तापलेल्या हातावर. तोही खाली लोंबणारा! अहो, अंग तापलं की ते थंड करायला रक्त कातडीजवळ येतं, शिरा रुंदावतात. हात खाली सोडला की त्या आणखी भरतात. तुम्ही नदी एकदा उन्हाळ्यात मोजलीत आणि एकदा पुरात, आणि वर म्हणताय पूल वाहून जाईल! आई, हात डोक्याच्या वर धरा बरं."

आईने हात वर धरला. फूटपट्टीच्या डोळ्यांदेखत हाताच्या पाठीवरच्या शिरा मावळल्या. पाच मोजेपर्यंत तिथे नुसती कातडी होती, जरा निळसर माखलेली.

"गेल्या!" मावशी म्हणाली.

"गेल्या नाहीत, रिकाम्या झाल्या. ह्या शिरा मुळातच उथळ असतात, मीटरभर खोल नव्हे. वय वाढलं की कातडी पातळ होते, खालची चरबी कमी होते, म्हणून जास्त दिसतात. एवढंच."

"आणि निळ्या का? रक्त तर लाल."

"रक्त लालच. शिरेतलं थोडं काळपट लाल. पण उजेडातला तांबडा भाग कातडीत खोलवर शिरतो, शिरेपर्यंत पोचतो आणि तिथलं रक्त तो पिऊन टाकतं. निळा भाग वरच्यावर शिवून परत येतो. तोच आपल्या डोळ्याला दिसतो. आतमध्ये निळं काही नाही."

फूटपट्टीने मान हलवली, पण ती जागची हलली नाही. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे जरा निरखून बघितलं आणि आवाज खाली आणला.

"तुमच्या वडिलांची गाठ ह्या शिरांत नव्हती. ती पायात खोल होती, मांसाच्या आत. ती शीर वरून दिसत नाही. नुसता पाय सुजलेला दिसतो, आणि पाय तर दहा कारणांनी सुजतो. इथून पुढे कुणाचा एकच पाय अचानक सुजला आणि दुखला, तर लगेच या. पण जे दिसत नव्हतं ते तुम्ही बघितलं नाहीत, याबद्दल स्वतःवर खटला भरू नका."

फूटपट्टीने टेबलावरचा निळा कापूस उचलून टोपलीत टाकला. मग दुसरा, स्वच्छ बोळाही टाकला. हाताला काहीतरी काम हवं होतं.

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा हात बघू तुमचा."

दिव्याखाली तिचा हात आला. कातडीखाली हिरव्या-निळ्या शिरांचं जाळं, मनगटाचं हाड टेकाडासारखं वर.

"वय काय तुमचं?"

"एकोणचाळीस."

"आईपेक्षा तुमच्या शिरा जास्त दिसतायत. आणि तुम्हाला वयाची सबब नाही! सात महिन्यांत किती वजन उतरलं?"

"मोजलं नाही," ती म्हणाली. जगातली प्रत्येक गोष्ट मोजणारी!

काट्यावर उभं केलं. मागच्या वर्षीच्या नोंदीपेक्षा नऊ किलो कमी भरली. तपासणीला रक्त घेतलं. शीर पहिल्याच झटक्यात सापडली, शोधावी लागली नाही.

"झालं तर मग," मावशी म्हणाली. "उद्याचं तिकीट रद्द करू. ह्या पोरीला असं टाकून ताई कशी येणार?"

आईने काही न बोलता लेकीकडे बघितलं. आणि फूटपट्टीला कळलं की आता फक्त 'हो' म्हणायचं आहे. एक अक्षर. की आई घरात राहील, समोरच्या खुर्चीत, नजरेच्या टप्प्यात. बस नाही, पाच तासांचा रस्ता नाही, चष्मा असलेला वा नसलेला चालक नाही. सात महिने आई ह्या घरातून भाजीवाल्यापलीकडे कुठे गेली नव्हती, आणि गेले आठ दिवस बॅगा भरताना गुणगुणत होती. ते गुणगुणणंही फूटपट्टीने मनात नोंदवून ठेवलं होतं. ताप तर नाही ना, म्हणून.

"तू जा, आई," ती म्हणाली. "मी जेवेन."

"खरं?"

"डबा उघडून फोटो पाठवेन. रिकामा."

"भांडं घासून फोटो काढशील तू! मी ओळखते तुला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पाच कमी असताना ती बसच्या खिडकीखाली उभी होती. रिपोर्ट आला नव्हता, आणि चालकाला चष्मा होता. मावशीला मागची सीट मिळाली होती. आईचा हात खिडकीच्या गजावर. कितीही घासला तरी निळसरपणा शिल्लक होता, आणि आईने त्यावर बाही ओढून घेतली होती.

"एक सांगू?" आई खाली वाकून म्हणाली. "काल दुपारी मी जागीच होते."

"जागी? मग बोलली का नाहीस!"

"मला काय ठाऊक तू नकाशा काढतेयस? मला वाटलं, लेक हात कुरवाळतेय. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. डोळे उघडले असते, तर तू उठून गेली असतीस. म्हणून पडून राहिले. आणि मग छान झोपच लागली गं."

फूटपट्टीकडे सांगण्यासारखं एवढं होतं की शब्दांची पार गर्दी झाली. बस हलली. खिडकी पुढे सरकली. तिने निरोपाला हात उंच केला. पण तो इतका उंच आणि इतका घाईचा झाला, की कंडक्टरला वाटलं, काहीतरी भयंकर घडलं! त्याने जोरजोरात घंटा वाजवली. चालकाने करकचून ब्रेक मारला. चाळीस प्रवासी पुढे आदळले आणि चाळीस डोकी खिडक्यांतून बाहेर आली.

"काय झालं बाई? काय राहिलं?" कंडक्टर दारातून ओरडला.

सगळी बस तिच्याकडे बघत होती. काहीतरी बोलणं भागच होतं.

"आई!" फूटपट्टी ओरडली. "पाणी पीत जा!"

कंडक्टरने कपाळाला हात लावला. "एवढ्यासाठी गाडी थांबवली?"

आणि आईने मान वळवून शेजारच्या अनोळखी प्रवाशाकडे असं बघितलं, की बस सुटेपर्यंत सगळ्यांना वाटत होतं, ही मुलगी त्याचीच!